नळाखाली धरलेली बाटली

एक बाई नळापाशी पाण्याची बाटली भरतेय. मिलिट्रीत असते तशी बाटली, आपल्याकडे प्रवासाला फिरकीचा तांब्या न्यायचे ना, त्याच कामाची. ऊन रणरणतंय, सगळीकडे धूळ, पाण्याचा आवाज येतोय, मग ती ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारते. बस. आधी काय झालं ते दाखवत नाहीत आणि पुढे काय होतं ते पण नाही.

रेआ ताजिरी नावाची एक जपानी-अमेरिकन दिग्दर्शिका आहे, तिच्या डोक्यात हे चित्र लहानपणापासून होतं. ती बाई म्हणजे आपली आई हे तिला माहीत होतं, पण आई तिथे काय करत होती, ती जागा कुठली, एवढं ऊन कुठलं, हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं. चित्र होतं पण त्याची गोष्ट नव्हती. मोठेपणी त्या चित्राचा माग काढत काढत तिने एक फिल्म केली, 'हिस्टरी अँड मेमरी', १९९१ सालची, जेमतेम ३२ मिनिटांची. मी ती गेल्या महिन्यात पहिल्यांदा बघितली, नंतर अजून तीनदा बघितली, आणि आता लिहायला बसलेय कारण डोक्यातून जातच नाहीये.

पहिल्यांदा बघताना खरं सांगते, झेपली नाही. सुरुवातीला काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं वर सरकत जातात. १९६१ सालचा ७ डिसेंबर आहे, शंभर फूट उंचावरून रस्त्याचे दिवे आणि झाडांचे शेंडे दिसतायत, खाली एक नवरा-बायको भांडतायत, आणि वरून हे सगळं बघतोय कोण तर आजोबांचा आत्मा. भांडण कशावरून, तर मुलीला रात्री वाईट स्वप्नं पडतायत आणि कारण कुणालाच कळत नाहीये. हे सगळं वाचायचं, दिसत काहीच नाही. मी दोनदा मागे नेऊन वाचलं. नंतर तर पडद्यावर एक चालू, आवाज भलत्याच कुणाचा, त्यावर अजून अक्षरं, कुठे बघू आणि काय ऐकू असं होऊन जातं. पण दुसऱ्यांदा बघताना वाटलं की घरातल्या जुन्या गोष्टी आपल्याला अशाच तर कळतात, आई काहीतरी सांगता सांगता थांबते, आत्या चार वर्षांनी त्याच्या बरोब्बर उलट सांगते, कपाट आवरताना एखादी वस्तू सापडते आणि विचारलं तर "ठेव ती जागेवर" एवढंच उत्तर मिळतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने असं कोण सांगतं? ताजिरीने तिला जसं मिळालं तसंच, तुकड्या-तुकड्यांत आपल्या हातात दिलंय, आणि मला ते फार प्रामाणिक वाटलं.

ज्यांना मागचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ नंबरच्या हुकमावर सही केली आणि त्याच्या जोरावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरातून काढलं, साधारण १ लाख २० हजार माणसं, आणि त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे अमेरिकेचीच नागरिक. ना आरोप ना खटला. स्वतःला उचलता येईल तेवढंच सामान घ्यायचं, बाकीचं विका नाहीतर सोडा. आधी रेसकोर्स, जत्रेची मैदानं असल्या ठिकाणी ठेवलं आणि मग आतल्या ओसाड भागात बांधलेल्या छावण्यांत नेलं, काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे सगळं. ताजिरीच्या आईला आणि तिच्या माणसांना अ‍ॅरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत नेलं होतं. वडील त्याच वेळी अमेरिकन सैन्यात होते, हे एका घरात एकाच वेळी चालू होतं हे डोक्यात घ्यायलाच मला वेळ लागला.

मी इथे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहते. मधली काही वर्षं मी ऑफिसला जायला बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, सॅन ब्रुनोला उतरायचे. स्टेशनच्या शेजारी तानफोरान नावाचा मॉल आहे, तिथे मी असंख्य वेळा गेलेय, मुलीचे शाळेचे बूट तिथूनच घेतलेत. तो मॉल उभा आहे तिथे पूर्वी घोड्यांचा रेसकोर्स होता आणि १९४२ साली एप्रिलपासून काही महिने तिथे साधारण ८ हजार जपानी-अमेरिकन लोकांना ठेवलं होतं, त्यातल्या पुष्कळांना घोड्यांच्या तबेल्यात. तबेल्यात घाईघाईने चुना मारला होता आणि तरी वास जात नव्हता असं तिथे राहिलेल्यांनी लिहून ठेवलंय. आता २०२२ पासून स्टेशनच्या बाहेर एक स्मारक आहे, दोन लहान बहिणी कोट घालून उभ्या आहेत, कोटाला नंबरची चिठ्ठी लावलेली. डोरोथिया लँग या फोटोग्राफरने त्या काळात काढलेल्या एका फोटोवरून तो पुतळा केलाय. फिल्म बघितल्यावर मी मुद्दाम त्या पुतळ्यासाठी म्हणून गेले आणि बराच वेळ थांबले. मागे बार्टची अनाउन्समेंट चालू होती, लोक बॅगा ओढत चालले होते. धाकट्या मुलीची चिठ्ठी कुठे लावलीये ते बघत होते मी, आपण पोरांच्या स्वेटरला पिन लावून रुमाल अडकवायचो ना बालवाडीत जाताना, साधारण तिथेच.

लँगचं नाव आलंच आहे तर, तिला हे फोटो सरकारनेच काढायला लावले होते आणि काढल्यावर त्यातले बरेचसे सैन्याने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. आणि ज्यांच्यावर हे सगळं चाललं होतं त्या लोकांना कॅमेरा जवळ ठेवायलाच बंदी होती. म्हणजे त्या काळाची जी चित्रं आपल्याकडे आहेत ती जवळजवळ सगळी दुसऱ्या कुणीतरी काढलेली. युटातल्या टोपाझच्या छावणीत एका माणसाने, डेव्हिड तात्सुनो त्याचं नाव, लपवून आणलेल्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलं होतं, ८ एमएमची रंगीत होम मूव्ही, बर्फ पडतोय, माणसं उभी आहेत. पण असं फार थोडं.

ताजिरीची सगळी फिल्म या एका मुद्द्यावर उभी आहे असं मला वाटतं. ती सांगते, काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर घडल्या, त्यांची चित्रं आपल्याकडे आहेत. काही घडल्या तेव्हा कॅमेरा नव्हता म्हणून आपण त्या नंतर पुन्हा उभ्या करतो. काहींची चित्रं फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात आहेत. आणि काही अशा की त्या बघायला कुणीच नव्हतं, मेलेल्यांचे आत्मे सोडून. मी माझ्या शब्दांत सांगतेय, ती फार शांतपणे सांगते. तेव्हा कळतं की सुरुवातीला तो आजोबांचा आत्मा शंभर फुटांवर काय करत होता. ज्याचा फोटो नाही, ज्याचा कागद नाही, ते कुणी तरी बघितलं असेल अशी आशा आहे ती.

पर्ल हार्बरचे तुकडे ती भरपूर दाखवते, बातम्यांतले, प्रचारपटांतले, हॉलिवूडच्या सिनेमांतले, अमेरिकेने केलेले आणि जपानने केलेले सुद्धा. विमानं, धूर, बोटी. खरं कुठलं आणि स्टुडिओतलं कुठलं ते पटकन कळत नाही इतकं ते सगळं आपण बघितलेलं आहे. आणि त्याच्या शेजारी पोस्टनचं काय, तर जवळजवळ काहीच नाही, सरकारी फिल्ममध्ये हसतमुख लोक रांगेत उभे वगैरे. १९५५ चा 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' नावाचा सिनेमा तिने मध्ये मध्ये लावलाय. त्यात स्पेन्सर ट्रेसी एका आडगावात कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याला शोधत येतो, त्याच्या मुलाचं युद्धातलं मेडल द्यायला. गावकरी उडवाउडवी करतात. कोमोकोला पर्ल हार्बरनंतर लगेच मारून टाकलंय हे नंतर कळतं. सबंध सिनेमा त्याच्याबद्दल आहे आणि तो एकदाही दिसत नाही, त्याचा साधा फोटो पण नाही. ताजिरी त्यात आपल्या घरच्यांना बघते. मला हा भाग फिल्ममधला सगळ्यात हुशार वाटला. ताजिरीच्या मोठ्या बहिणीकडच्या नटनट्यांच्या फोटोंचा जो भाग आहे तो मात्र मला जरा घाईत उरकल्यासारखा वाटला, तिथे अजून थांबायला हवं होतं.

आता पक्ष्याबद्दल. आईच्या दागिन्यांच्या डब्यात एक छोटा लाकडी पक्षी असायचा, कोरलेला. मुलीने खेळायला घेतला की आई म्हणायची, ठेव, तो तुझ्या आजीने मला दिलाय. आजीला तो कुठे मिळाला, कॅम्पमध्ये. कॅम्प म्हणजे काय ते नाही सांगितलं. पुढे पंचवीसेक वर्षांनी ताजिरी वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्हजमध्ये बसून खोक्यांतले शेकडो फोटो एकेक करून बघत होती, आणि त्यात एका फोटोत तिची आजी. छावणीतल्या वर्गात बसलीये, लाकडी पक्षी कोरायच्या वर्गात. सरकारी फोटो, सरकारी खोकं, आणि त्यात आपली आजी. मी इथे फिल्म थांबवली आणि उठून पाणी प्यायले. सरकारकडे फोटो आहे आणि नात कुठलीच गोष्ट माहीत नसताना तो शोधतेय, आणि त्या दोघांच्या मध्ये आईच्या डब्यात तो पक्षी इतकी वर्षं नुसता पडून आहे.

घराचं पण असंच. युद्ध चालू असताना त्यांचं घर कुणीतरी उचलून नेलं. लुटलं, बळकावलं असं नाही म्हणत मी, अख्खं लाकडी घर जागेवरून हलवून नेलं. परत गेले तर घर नाही.

आणि आई? आईला काही आठवत नाही. मुलगी विचारते, आई म्हणते, मला नाही आठवत. तिथे कसे पोचलो ते सुद्धा आठवत नाही. पण एक गोष्ट मात्र तिला आठवते, छावणीत एक बाई होती, तरुण, देखणी, तिचं डोकं फिरलं होतं. आई तिच्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची की आपलंही असं होऊ शकतं, म्हणून मग हे सगळं डोक्यातून काढून टाकायचं. मला वाटतं फिल्ममधला सगळ्यात जड क्षण हाच आहे. आपण 'विसरली' म्हणतो तेव्हा हातातून काहीतरी निसटलं असं धरतो. इथे आईने ठरवून, जिवंत आणि शहाणं राहण्यासाठी विसरण्याचं काम केलंय, रोज, वर्षानुवर्षं. फक्त ते नळावरचं पाणी तेवढं मागे राहिलं आणि ते कसं कोण जाणे मुलीकडे गेलं.

ताजिरी स्वतः पोस्टनला जाऊन आली. तिथेही एक गोष्ट आहे जी मला माहीत नव्हती. ती जमीन कोलोरॅडो नदीकाठच्या मूळ अमेरिकन जमातींची राखीव जमीन होती, त्यांच्या कौन्सिलचा विरोध असताना तिथे छावणी बांधली. वाळवंटात पाण्याचे कालवे, शेती, शाळांच्या मातीच्या इमारती, हे काम छावणीतल्या लोकांकडून करून घेतलं, आणि १९४५ मध्ये त्याच बराकींमध्ये होपी आणि नावाहो कुटुंबं आणून वसवली. म्हणजे एकांच्या जमिनीवर दुसऱ्यांना कोंडलं आणि ते निघता निघता तिथे तिसऱ्यांना आणलं. सरकारने माफी मागितली ती १९८८ साली, कायदा करून, जे हयात होते त्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर.

आता मी हे सगळं का लिहितेय.

माझी आजी, बाबांची आई, रंगूनची. जन्म तिथला, तिचे वडील तिकडे नोकरीला होते, तेव्हा ब्रह्मदेशात लाखो हिंदी लोक होते आणि त्यात थोडी मराठी घरं पण होती. २३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले तेव्हा आजी आठ वर्षांची. ज्यांना बोटीत जागा मिळाली ते बोटीने आले, बाकीचे चालत निघाले, डोंगरांतून, जंगलांतून, चार-पाच लाख माणसं त्या काही महिन्यांत ब्रह्मदेश सोडून निघाली असं म्हणतात आणि वाटेत कॉलऱ्याने, मलेरियाने, उपासमारीने हजारो गेली. आजी तामूवरून मणिपूरच्या वाटेने दिमापूरपर्यंत आली, तिथून आगगाडी. हे सुद्धा मला आजीने सांगितलेलं नाही, आत्याकडून कळलं. आजी एवढंच म्हणायची, "आम्ही चालत आलो." मी लहानपणी विचारायचे, किती चाललीस? म्हणायची, खूप. आणि लगेच, जा दिवाबत्तीची वेळ झाली, हातपाय धू.

आजीला एक धाकटा भाऊ होता हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. रंगूनचा एक फोटो आहे त्यात तो मांडीवर आहे. मिरजेत तो कुणालाच माहीत नव्हता.

तर ताजिरीच्या फिल्ममधल्या बाटलीसारखं माझ्याकडे काय आहे असा मी विचार करत होते आणि मला आजीच्या चपला आठवल्या. मिरजेच्या घरात चपला पायरीखाली काढायची पद्धत, उंबऱ्याच्या आत चप्पल आणली तर आजी स्वतःच आम्हाला फैलावर घ्यायची. पण रात्री झोपताना तिच्या चपला तिच्या पलंगाखाली असायच्या. रोज. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती त्या परत बाहेर नेऊन ठेवायची. आम्ही सुट्टीत तिच्याजवळ झोपायचो म्हणून मला माहीत. आणि तिच्या चपलेला मागे पट्टा लागायचाच, नुसती सपाता तिने कधी पायात घातली नाही, मिरजेच्या बाजारात चार दुकानं फिरून पट्ट्याची घ्यायची. आम्ही समजायचो रात्री बाथरूमला जायला लागतात म्हणून ठेवते जवळ, बाथरूम परसात होतं.

फिल्मच्या शेवटाकडे ताजिरी म्हणते की आता त्या चित्राच्या मागची गोष्ट सापडल्यावर ती आईला तिच्या विसरण्याबद्दल माफ करू शकते, आणि हे चित्र तिच्यासाठी तयार करू शकते. तयार करू शकते, हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ती बाटलीवाली बाई तिने १९४२ ची म्हणून कधीच खपवली नाही. टीव्हीवरच्या डॉक्युमेंट्रीत जुना रंग मारून, धुरकट करून, मागे सारंगी लावून खोटं जुनं करतात ना, तसलं काही नाही. ती उघड सांगते की हे मी केलंय कारण कॅमेरा तिथे नव्हता. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, तिने आईवर अजून एक फिल्म केली, 'विस्डम गॉन वाइल्ड', आईला डिमेन्शिया झाल्यावर सोळा वर्षं तिची काळजी घेता घेता केलेली. जिने ठरवून विसरायचं काम केलं तिच्याकडून नंतर सगळंच जायला लागलं, आणि मुलगी कॅमेरा घेऊन शेजारीच. ती मी अजून एकदाच बघितलीये, त्याबद्दल आत्ता नाही लिहीत.

गेल्या रविवारी मी फोनवर शूट करायला बसले. मागे पट्ट्याची एक साधी तपकिरी चप्पल मागवली होती इथल्या इंडियन दुकानातून, आजीची नव्हे, तिची एकही ठेवलेली नाही कुणी. पलंगाखाली ठेवली, दिवा मंद केला, फोन जमिनीला टेकवून लावला. मुलगी म्हणाली काय करतेयस, मी म्हटलं पणजीच्या चपला. ती शेजारी येऊन बसली, काही बोलली नाही. चाळीस सेकंद शूट केलं आणि बघितलं तर काहीतरी चुकत होतं, चपला नुसत्या पडल्यासारख्या दिसत होत्या. आजी कशा ठेवायची तेच मला आठवेना. चपला होत्या एवढं माहीत, कशा होत्या ते नाही.

मग आईला फोन लावला, तिकडे सकाळ होती, ती भाजी निवडत होती.

म्हटलं, आई, आजी रात्री बाथरूमला जाताना चपला घालायची ना गं?

"छे. अनवाणीच जायच्या की परसात. मी कितीदा म्हटलं विंचवाकाट्याचं घालून जा, ऐकतील तर."

मग पलंगाखाली कशाला ठेवायची?

आई थांबली. भाजीचा आवाज पण थांबला. म्हणाली, "मी एकदा केर काढताना त्या बाहेर नेऊन ठेवल्या होत्या. लग्न होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. रात्रभर झोपल्या नाहीत. मला काही बोलल्या नाहीत हं, सकाळी तुझे बाबा म्हणाले, आईच्या चपलांना हात लावू नकोस."

का ते बाबांना माहीत होतं?

"नसावं. त्यांनाही कुणीतरी तेवढंच सांगितलं असेल."

मी म्हटलं बरं एक सांग, ठेवायची कशी? पट्टे लावून की सोडून?

"सोडून. पट्टा बाहेर काढून असा बाजूला. पाय घातला की झालं."

आणि तोंड कुठे असायचं चपलांचं?

"दाराकडे."